एक्क्याण्णव दिवसांची हुंडी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो संप, बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती गैर नाही. आज मात्र आम्ही सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जाविषयी, म्हणजे बाजारात ज्याला ट्रेझरी बिल म्हणतात त्या कागदाविषयी बोलणार आहोत. शंभर वर्षे ज्या कागदाला पगारदार माणसाचा हात लागला नव्हता, तो कागद आज तो आपल्या दलालाच्या खात्यातून दहा हजार रुपयांना विकत घेऊ शकतो. ही गोष्ट कशी घडली, तिच्यात कोणाचे काय गेले आणि कोणाला काय मिळाले, एवढाच आजचा विषय. महागाई भत्ता त्यात येईलच, पण त्याच्या जागी. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, मालकांचे ताळेबंद वाचता वाचता झाले. मालकाचा ताळेबंद वाचायची सवय लागली म्हणजे माणूस एक दिवस सरकारचा ताळेबंदही हातात घेतो. आमचे तसेच झाले.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. आपल्याकडे हुंडीचे दोन प्रकार सर्वांना ठाऊक होते: दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी आणि ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. ट्रेझरी बिल म्हणजे सरकारने स्वतःच्या पतीवर काढलेली मुदती हुंडीच होय. तिच्या मुदती तीन: ९१ दिवस, १८२ दिवस आणि ३६४ दिवस. तिच्यावर व्याजाचा दर लिहिलेला नसतो. ती कमी किमतीला विकतात आणि मुदत भरली की पूर्ण किंमत देतात; व्यापाऱ्यांच्या भाषेत बोलायचे तर ती बट्ट्याने विकली जाते. समजा, शंभराचा कागद ९८ रुपये ४० पैशांना मिळाला. दहा हजारांच्या कागदाला ९,८४० रुपये पडले. एक्क्याण्णव दिवसांनी दहा हजार हातात आले, म्हणजे १६० रुपये सुटले. वर्षाच्या हिशेबाने हा दर साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. यापलीकडे या कागदात गूढ असे काही नाही. गूढ असेल तर ते तो कोणी कोणाला विकावा आणि भाव कोणी ठरवावा यात होते, आणि इतिहास तिथेच आहे.

राज्य चालवायला कर्ज लागते हे मराठी माणसाला इंग्रजाने शिकवले नाही. पहिल्या बाजीरावाच्या मोहिमा कर्जावर उभ्या होत्या, आणि धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्यांचे गुरू तसेच सावकारही होते. फौजेला पगार आज हवा आणि चौथाई, खंडणी येणार पुढे, या दोहोंमधले महिने सावकाराच्या पैशाने काढायचे, हीच त्या काळची रीत होती. पुढे कंपनी सरकार आले. त्याने कर्जाचे छापील कागद काढले. साडेतीन टक्क्यांचा कागद तर इतका प्रतिष्ठित झाला की विधवेची पोटगी आणि देवस्थानचा निधी त्यात ठेवीत. परंतु ते कागद लांब मुदतीचे. वसुलीच्या हंगामापर्यंत तीन महिने निभावायचे असतील तर त्यासाठी वेगळे साधन लागते, आणि ते साधन निघाले लंडनमध्ये.

१८७७ साली ब्रिटिश खजिन्याला थोड्या मुदतीचे पैसे हवे होते. त्यापूर्वी एक्सचेकर बिले नावाचे जुने कागद होते. ते सतराव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेले आणि बाजाराला नकोसे झालेले. अर्थमंत्री स्टॅफर्ड नॉर्थकोट यांनी 'इकॉनॉमिस्ट' पत्राचे संपादक वॉल्टर बॅजट यांचा सल्ला घेतला. बॅजट यांनी सुचविले की, व्यापाऱ्यांची हुंडी जशी असते तसाच सरकारी कागद काढा. बाजाराला त्या रूपाची सवय आहे, तो उचलील. सल्ला मानला गेला आणि त्याच वर्षी कायदा झाला. बॅजट मात्र त्या वर्षीच्या मार्चमध्येच वारले. आमच्या मनात एक गोष्ट नेहमी येते ती सांगून टाकतो. याच्या दोनच वर्षे आधी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली होती. देशाचा पैसा कोठे जातो हे लोकांना सांगितले पाहिजे, हा रानड्यांच्या अर्थविचाराचा पाया. आणि तोच पैसा तीन महिन्यांसाठी कसा उभा करावा याचे यंत्र त्याच सुमारास तिकडे तयार होत होते.

हिंदुस्थानात हे यंत्र आणले पहिल्या महायुद्धाने. १९१७ साली हिंदुस्थान सरकारने पहिली ट्रेझरी बिले विकली. त्या वर्षाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. हिंदुस्थानने ब्रिटनच्या युद्धखर्चाला दहा कोटी पौंड देण्याचे कबूल केले होते. त्याशिवाय मेसोपोटेमियातल्या फौजेसाठी धान्य, ताग, कापड इथे विकत घ्यावे लागे. त्याचे रुपये इथे मोजायचे आणि पौंड लंडनमध्ये जमा व्हायचे. रुपये पाडायला चांदी पुरेना. म्हणून त्याच वर्षाच्या ३० नोव्हेंबरला एक रुपयाची कागदी नोट निघाली. त्याच वर्षी युद्धकर्ज उभारले गेले, आणि त्याच वर्षी लहान माणसासाठी पोस्टाची पाच वर्षांची कॅश सर्टिफिकेटे निघाली.

या वर्षात सरकारने दोन खिडक्या उघडल्या, हे ध्यानात ठेवा. एक पोस्टातली. तिथे मास्तर, कारकून, पेन्शनर उभे राहिले. त्यांचे पैसे पाच वर्षे अडकले. दुसरी खिडकी बँकांची आणि मोठ्या पेढ्यांची. त्यांचे पैसे काही महिन्यांत परत. थोड्या दिवसांसाठी बिनधोक पैसे ठेवायची गरज कोणाला अधिक असते? ज्याच्या घरी पुढच्या महिन्यात बाळंतपण आहे त्याला, की ज्याची तिजोरी भरलेली आहे त्याला? अर्थात, त्या काळच्या गिरणी कामगाराला ट्रेझरी बिल मिळाले असते तरी त्याने ते घेतले असते असे आम्ही म्हणत नाही. त्याच्याकडे ठेवायला पैसेच नव्हते. १९१९ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांतले लाखावर कामगार संपावर गेले ते युद्धातल्या महागाईने पोटे खपाटीला गेली म्हणून. पुढे १९३१ साली व्हिटली कमिशनचा अहवाल आला. त्यातही औद्योगिक कामगारांतले बहुसंख्य लोक कर्जात आहेत असेच दिसले. जो स्वतः पठाणाच्या दाराशी उभा, तो सरकारला काय उसने देणार?

१९३५ च्या १ एप्रिलला रिझर्व्ह बँक सुरू झाली आणि सरकारच्या वतीने ही बिले विकण्याचे काम तिच्याकडे आले. इथून पुढे एक नवीन प्रकार निघाला. बिल बाजारात विकायचे नाही, परस्पर रिझर्व्ह बँकेलाच द्यायचे. या बिलांना 'ॲड हॉक' म्हणजे त्या त्या वेळेपुरती बिले म्हणत. स्वातंत्र्यानंतर, १९५५ साली, सरकार आणि बँक यांच्यात यासंबंधी ठराव झाला. त्या वेळी अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख, जे स्वतः रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर होते आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर ज्यांनी मंत्रिपद सोडले. गव्हर्नर होते बेनेगल रामराव. ठराव असा की, सरकारच्या खात्यात दर शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी किमान ४ कोटी शिल्लक असावी. शिल्लक त्याखाली गेली की आपोआप ॲड हॉक बिले तयार व्हावीत आणि खाते भरून निघावे.

आपोआप हा शब्द इथे कळीचा आहे. वाण्याच्या दुकानी उधारीची वही असते. पण वाणी निदान महिन्याच्या अखेरीस वही उघडून तोंडाकडे बघतो. इथे वाणीही आपलाच आणि वहीही आपलीच. ९१ दिवस झाले की जुने बिल फेडायचे ते नवे बिल काढून. मुदत कागदावर तीन महिन्यांची, कर्ज मात्र कायमचे. पुढे १९८२ पासून तर या साठलेल्या बिलांचे बिनमुदती रोख्यांत रूपांतरच करू लागले. देशमुखांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. दुसरी पंचवार्षिक योजना तोंडावर होती, धरणे आणि पोलाद कारखाने उभे करायचे होते, आणि सोय ही सोय म्हणूनच केली होती. पण सोयीला अंत ठरवून दिला नव्हता. रिझर्व्ह बँकेने सरकारला दिलेला असा पैसा म्हणजे नव्याने छापलेला पैसा. तो बाजारात आला आणि माल तेवढा वाढला नाही की भाव चढतात, आणि भाव चढले की पहिला मार पगारदारावर पडतो.

१९६५ च्या जुलैपर्यंत बाजारातल्या बिलांचा निदान लिलाव होत असे. त्या महिन्यापासून लिलाव थांबला आणि सरकार ठरवील त्या दराने, कधीही या आणि घ्या, अशी विक्री सुरू झाली. दर वेळोवेळी बदलत गेला आणि १९७४ च्या जुलैत तो ४.६ टक्क्यांवर येऊन थांबला. थांबला तो असा की १९९७ पर्यंत हललाच नाही.

आता तो १९७४ चा जुलै पाहा. देशात महागाईचा डोंब उसळला होता. त्या आर्थिक वर्षात घाऊक भाव सरासरीने सुमारे २५ टक्क्यांनी चढले. मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला आणि तो मोडून काढण्यात आला. लगेच जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरकारने वटहुकूम काढला: पगारदारांना जी वेतनवाढ मिळेल ती एक वर्षभर सगळीच्या सगळी, आणि महागाई भत्त्यात जी वाढ होईल तिचा अर्धा भाग दोन वर्षे, सक्तीने सरकारजमा ठेवायचा; नंतर हप्त्याहप्त्याने व्याजासह परत. त्याच महिन्याच्या २३ तारखेला रिझर्व्ह बँकेने आपला बँक रेट सातावरून नऊ टक्क्यांवर नेला. आणि ट्रेझरी बिलाचा दर? ४.६. म्हणजे इतरांनी पैसे उसने घ्यायचे तर नऊ टक्के आणि वर, सरकारने घ्यायचे तर साडेचारला थोडे अधिक, आणि कामगाराचे तर विचारूही नका, त्याचा भत्ता पाकिटात पडण्याआधीच काढून घेतलेला. आम्ही तेव्हा शाळेचेही वय न झालेली पोरे होतो. पण पुढे युनियनमध्ये आलो तेव्हा त्या काळचे जुने कामगार भेटले. त्यांच्या तोंडून 'सीडीएस कापला' हे शब्द आम्ही इतक्यांदा ऐकले आहेत की वजाबाकीचा तो रकाना आम्ही स्वतः पाहिला असावा असे वाटते. महागाई आवरायला हे आवश्यक होते, असे त्या वेळी सांगण्यात आले आणि आजही काही अर्थशास्त्री सांगतात. असेल. परंतु नोटा ज्या वहीमुळे वाढत होत्या ती वही बंद झाली नाही, ही गोष्ट ते सहसा सांगत नाहीत.

ती बंद व्हायला वीसहून अधिक वर्षे लागली. सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ साली अहवाल दिला. १९८६ च्या नोव्हेंबरात १८२ दिवसांची बिले लिलावाने विकायला सुरुवात झाली, १९९२ च्या एप्रिलमध्ये ३६४ दिवसांची आली आणि १९९३ च्या जानेवारीत ९१ दिवसांच्या बिलांचाही लिलाव पुन्हा सुरू झाला. १९९४ च्या सप्टेंबरात अर्थमंत्री मनमोहन सिंग आणि गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या काळात करार झाला की तीन वर्षांत ॲड हॉक बिले बंद करायची. १९९७ च्या १ एप्रिलपासून ती बंद झाली आणि त्यांच्या जागी मर्यादा घातलेली तात्पुरती उचल आली. या कलमासाठी कोणी मोर्चा काढला नव्हता. आम्हीही काढला नव्हता. त्या दिवसांत आम्ही सारे बंद पडणाऱ्या कारखान्यांच्या दारात बसलेलो होतो. पण पगारदाराच्या दृष्टीने त्या दशकातला हा एक मोठा निर्णय होता, असे आमचे मत आहे.

लिलाव आला म्हणजे बाजार आला, आणि बाजार आला म्हणजे दलाल आला. इथून गोष्ट वेगळ्या वळणाला लागते.

१९९२ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात बातमी फुटली की स्टेट बँकेच्या सरकारी रोख्यांच्या हिशेबात शेकडो कोटींची खोट आहे. हर्षद मेहता हे नाव त्या दिवसापासून घराघरांत गेले. लोकांना ते शेअरबाजाराचे प्रकरण वाटते. वस्तुतः चोरीची जागा सरकारी रोख्यांच्या बाजारात होती. त्या काळी एक बँक दुसरीला रोखे विकी, पण रोखे हातात देत नसे. 'आम्ही तुमच्यासाठी रोखे धरून आहोत' अशी पावती देई. पावतीमागे रोखे आहेत की नाहीत हे पाहणार कोण? मध्ये दलाल. एका बँकेने दुसरीच्या नावे दिलेला धनादेश दलालाच्या स्वतःच्या खात्यात जमा होई, आणि तो पैसा काही दिवस शेअरबाजारात फिरून येई. असल्या पोकळ पावत्या देणाऱ्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातली बँक ऑफ कराड होती, हे सांगायला वाईट वाटते. ती बँक त्याच वर्षी अवसायनात गेली. जानकीरामन समितीने हिशेब मांडला तेव्हा खड्डा चार हजार कोटींच्या वर निघाला.

त्यानंतर सेबीला कायद्याचे दात आले, नियम कडक झाले, आणि तरीही दहा वर्षांनी, २००२ मध्ये, तीच गोष्ट पुन्हा घडली. यावेळी ती बड्या बँकांच्या नव्हे, शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या पैशावर घडली. होम ट्रेड नावाची दलाली करणारी कंपनी नवी मुंबईत होती. जाहिरातीत क्रिकेटपटू आणि सिनेनट. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने आणि इतर काही सहकारी बँकांनी सरकारी रोखे घेण्यासाठी तिच्याकडे कोट्यवधी रुपये दिले. रोखे आलेच नाहीत. आज येतील, उद्या येतील, छायाप्रत पाहून घ्या, असे चालले आणि एक दिवस दुकान बंद. नागपूरच्या बँकेचा खटला दोन दशके चालून २०२३ च्या डिसेंबरात तिथल्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. दोन दशकांत किती खातेदार वारले असतील याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

याच प्रकरणात खलाशांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे गेले. सीमेन्स प्रॉव्हिडंट फंड हे नाव कदाचित आपल्यापैकी अनेकांनी ऐकले नसेल. जहाजावर आठ-आठ, दहा-दहा महिने काढणारा खलाशी, त्यात कोकणातली किती घरे आली, पगारातून फंड कापू देतो तो या विश्वासावर की हा पैसा सरकारी कागदात आहे आणि सरकारी कागद बुडत नाही. ते खरेही आहे. सरकारी कागद बुडला नव्हता. तो विकतच घेतला गेला नव्हता. रोख्याची सुरक्षितता आणि रोखा आपल्या नावावर आहे याची सुरक्षितता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही त्या प्रकरणापासून प्रत्येक कामगार शिबिरात सांगत आलो आहोत.

त्यातून एक चांगले निघाले. २००२ च्या फेब्रुवारीतच देण्याघेण्याचा हिशेब मध्यस्थपणे पुरा करणारी क्लिअरिंग कॉर्पोरेशन कामाला लागली होती. होम ट्रेडनंतर रोखे कागदी रूपात ठेवणेच जवळजवळ संपले. रोखा आता वहीतल्या नोंदीच्या रूपात असतो आणि पैसे व नोंद एकाच वेळी हात बदलतात. 'पैसे आधी द्या, रोखा मागून येईल' ही पळवाट त्यामुळे पुष्कळ अंशी बुजली. त्याच २००२ सालात लांब मुदतीच्या रोख्यांच्या लिलावात लहान गुंतवणूकदारासाठी काही भाग राखून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. या पद्धतीत भाव सांगायचा नसतो. मोठ्या बँका भाव बोलतात. त्यांच्या स्वीकारलेल्या बोलींचा जो भारित सरासरी भाव निघेल तो लहान माणसाला लागू. बाजारात घासाघीस न जमणाऱ्या माणसाला मंडईतल्या सरासरी भावाने भाजी मिळावी, तशी ही सोय आहे, आणि ती न्याय्य आहे.

तरी प्रत्यक्षात सामान्य माणूस आला तो २०१८ साली, जेव्हा शेअरबाजारांना अशा बोली गोळा करून लिलावात घालण्याची मुभा मिळून दलालाच्या खात्यातून ट्रेझरी बिल मागता येऊ लागले. आणि २०२१ च्या १२ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने 'रिटेल डायरेक्ट' ही योजना उघडली, तिच्यात दलालही लागत नाही. खाते थेट रिझर्व्ह बँकेकडे, उघडायला आणि चालवायला शुल्क नाही, किमान रक्कम दहा हजार. १९१७ मध्ये उघडलेली दुसरी खिडकी पोस्टाच्या रांगेतल्या माणसाला मोकळी व्हायला एकशे चार वर्षे लागली.

आम्हांला या सर्वांत रस उत्पन्न झाला तो एका कारखान्यामुळे. तो कोणता ते सांगण्याचे प्रयोजन नाही. कारखाना बंद झाला, तीनशेवर कामगारांना ग्रॅच्युइटी आणि भरपाईचे पैसे एकदम मिळाले. धनादेश वाटले त्या दिवशी फाटकाबाहेर जितके कामगार तितके एजंट. कोणी विम्याची वीस वर्षांची पॉलिसी घेऊन, कोणी दुप्पट पैशाची योजना घेऊन, कोणी प्लॉटचा नकाशा घेऊन. ज्या माणसाला अजून पुढची नोकरी मिळायची आहे, मुलीचे लग्न चार महिन्यांवर आहे, त्याला वीस वर्षांची पॉलिसी! आमच्यातल्या एका लेथवाल्याने, जो आम्हांला वयाने वडील आणि ज्याला आम्ही दादा म्हणतो, सरळ प्रश्न टाकला: "साहेब लोक असे पैसे चार महिने कुठे ठेवतात, तिथेच मला ठेवता येतील का?" हा प्रश्न आम्हांला फार मोलाचा वाटला. उत्तर त्या सुमारास नुकतेच 'हो' झाले होते.

दादांच्या मुलाचे एका दलालाकडे खाते होते. तिथे दादांचे स्वतःचे खाते उघडले. पॅन, आधार, बँकेचे पासबुक, एवढ्यावर काम झाले. मग दलालाच्या कचेरीतून फोन सुरू झाले. ट्रेझरी बिलात काय मिळणार काका, हा फंड घ्या, तो शेअर घ्या. दलालाचा दोष म्हणावा तर म्हणा. या कागदात त्याला मिळते अगदी थोडे, शंभर रुपयांमागे काही पैसे. ज्यात मिळकत नाही ते दुकानदार पुढे मांडत नाही. दादांनी प्रत्येक फोनला एकच उत्तर दिले: "मला हुंडी पाहिजे." अखेर हुंडी मिळाली.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण व्याख्यान संपल्यावर आपण त्याच विचाराल. बिल मध्येच मोडता येत नाही. बाजारात विकता येते खरे, पण लहान रकमेला गिऱ्हाईक सहज मिळत नाही, म्हणून ज्या तारखेला पैसे लागणार त्याआधी मुदत भरेल असेच बिल घ्यावे. सुटलेल्या रकमेवर आपापल्या उत्पन्नाच्या पायरीप्रमाणे आयकर लागतो. महागाईला हे बिल पुरून उरेलच असे नाही. म्हातारपणाची सारी पुंजी त्यात ठेवावी असे आम्ही कधीच सांगणार नाही. त्याचे काम ठरावीक दिवसांसाठी पैसा बिनधोक ठेवण्याचे आहे. बँकेतली ठेव विम्याने सुरक्षित आहे ती २०२० पासून पाच लाखांपर्यंत. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला पहिल्या दिवशी हजार रुपयेच काढायची परवानगी होती. त्या रांगा मुंबईत पुष्कळांनी पाहिल्या आहेत. मुलीच्या लग्नाचे पैसे त्या रांगेत उभे असलेले आई-बापही तिथे होतेच.

आणि दलालाचे खाते वापरायचे तर नोंद कोठे होते ते पाहा. २०१९ च्या नोव्हेंबरात सेबीने कार्वी या बड्या दलाल कंपनीवर आदेश काढला. ग्राहकांचे रोखे आणि शेअर तिने स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकल्याचे प्रकरण होते. तेव्हा दलालाच्या पडद्यावर दिसते ते पुरावा म्हणून धरू नये. डिपॉझिटरीकडून थेट जे विवरणपत्र येते त्यात बिलाचे नाव, मुदतीची तारीख आणि आपले नाव असले पाहिजे. दादांना ते विवरण इंग्रजीत आले. आम्ही दोघांनी चष्मे काढून, पुसून, पुन्हा घालून ते वाचले. तारीख बरोबर होती.

शेवटी पुष्कळांना पडणारा एक प्रश्न. नव्वद का नाही, एक्क्याण्णवच का? एक्क्याण्णव दिवस म्हणजे बरोबर तेरा आठवडे. १८२ म्हणजे सव्वीस आणि ३६४ म्हणजे बावन्न. लिलाव बुधवारी होतो, पैसे आणि नोंद गुरुवारी, म्हणून मुदतही गुरुवारीच भरते. आलेले पैसे लागणार नसतील तर आदल्या बुधवारच्या लिलावात बोली घातलेली असावी, म्हणजे जुन्या बिलाचे पैसे आले त्याच दिवशी नवे बिल लागते. हे आपोआप व्हावे अशी सोय रिझर्व्ह बँकेने आपल्या योजनेत २०२५ च्या ऑगस्टात जाहीर केली आहे. दादा अजून स्वतःच बोली घालतात. मंगळवारी संध्याकाळी ते युनियनच्या कचेरीत येतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेरा आठवडे मोजतात, आणि जो गुरुवार येईल त्यावर पेन्सिलीने खूण करतात.